हात आबांचे, पाय ताईचे

आबांचा पाय मोडला बुधवारी आणि घरात भांडण लागलं ते शनिवारी. मधले दोन दिवस सगळे एकमेकांना फोन करून "मी यात काही बोलणार नाही हं" असं सांगण्यात गेले.

पाय मोडायचं कारण अगदी साधं होतं. दुकानातलं भिंतीवरचं एक घड्याळ पाच मिनिटं पुढे पळत होतं, ते मागे घ्यायला आबा स्टुलावर चढले आणि उतरताना त्यांच्याआधी स्टूल उतरलं. शहात्तराव्या वर्षी घड्याळजीने स्टुलावर चढावं का, यावर घरात मतभेद नव्हते. मतभेद होते ते रविवारच्या उपासनेवरून. चर्चच्या ऑर्गनला शंभर वर्षं पूर्ण होत होती, त्यासाठी खुद्द बिशपसाहेब येणार होते, आणि त्या शंभरातली त्रेचाळीस वर्षं तो ऑर्गन आबांनी वाजवला होता.

शनिवारी दुपारी चारला, क्वायरचे पांढरे झगे टांगलेल्या मागच्या खोलीत, आबा डावा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. गुडघ्याच्या खाली सगळं प्लास्टर. पाळकसाहेब हातातल्या कागदाची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

"आबा, मला फक्त एवढंच कळू दे," ते म्हणाले, "उद्या वाजवणार कोण?"

"म्हणजे काय? मी."

"पण पाय?"

"पाय मोडलाय. हात शाबूत आहेत."

"ऑर्गनला खाली पायपट्ट्याही असतात, आबा. तुम्हीच शिकवलंत मला."

हे बोलणारी दारात उभी होती. आबांची थोरली, शाळेतली संगीताची बाई, घरातल्या सगळ्यांची ताई. नऊ वर्षांत तिने या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका सरावाला, सगळ्या क्वायरसमोर, ती बापाला म्हणाली होती, "आबा, तुमच्या ऑर्गनला कुणीतरी किल्ली द्या. गाणं मधेच बंद पडतंय." आबांनी ऑर्गनचं झाकण लावलं होतं. तेव्हापासून ती रविवारी शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाला की निघून जायची.

"तुला कोणी बोलावलं?" आबा म्हणाले.

"मी," डॉक्टर म्हणाला आणि लगेच बायकोकडे बघून त्याने दुरुस्ती केली, "म्हणजे, मी तसा विचार बोलून दाखवला होता."

डॉक्टर म्हणजे आबांचा धाकटा, दातांचा डॉक्टर. क्वायरमध्ये खर्जात गायचा. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालून त्याला एक सवय लागली होती. समोरचा काय म्हणतोय ते नीट कळलं नाही तरी मान डोलवायची. घरात तो प्रत्येकाशी सहमत असे, आणि घरातली निम्मी भांडणं त्यातूनच उगवत.

"आबा वाजवतील," त्याची बायको म्हणाली. ती आबांची सून, ताईची वहिनी. ताई क्वायर सोडून गेल्यावर वरच्या पट्टीतले सगळे एकल भाग तिच्याकडे आले होते, आणि ते परत जाणार असतील तर ती प्लास्टरच्याही बाजूने उभी राहायला तयार होती. "त्रेचाळीस वर्षं वाजवलंय त्यांनी. उद्या पायांशिवाय वाजवतील. कुणाला कळणार आहे?"

"खर्ज गेला तर मला कळेल," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाला.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेल्या आत्यांनी घसा साफ केला आणि खोली शांत झाली. एक्क्याऐंशी वर्षांच्या आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आबा एकटेच त्यांना अक्का म्हणत. मोठ्या इस्पितळात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन दोन तपं लोटली तरी त्यांनी घसा साफ केला की आजूबाजूची माणसं आपोआप पांघरूण नीट करत.

"हात याचे, पाय तिचे," आत्या म्हणाल्या. "एका बाकावर दोघं बसा. बापलेक आहात, काही विटाळ नाही होणार. चला, सराव सुरू करा, मला चहा हवाय."

निकाल लागला.

*

डॉक्टरला पुढे बरेच दिवस तो सराव आठवला की घाम फुटत असे.

ऑर्गन चर्चच्या पुढच्या भागात, डाव्या भिंतीला लागून होता. वाजवणाऱ्याची पाठ सगळ्यांकडे असायची आणि मागचं दिसावं म्हणून आबांनी न्हाव्याच्या दुकानातला एक आरसा वर ठोकून घेतला होता. बाक चार फुटांचा. मधे आबा, त्यांचा प्लास्टरचा पाय डावीकडच्या स्टुलावर आडवा, आणि उजव्या टोकाला अर्धी बाहेर लोंबत ताई, तिचे दोन्ही पाय बापाच्या मांडीखालून पायपट्ट्यांवर पसरलेले. प्लास्टरमुळे सगळ्यात खालच्या दोन पट्ट्या अडकल्या होत्या.

"त्या दोन सुरांना उद्या सुट्टी," ताई म्हणाली. आबा हसले नाहीत.

पहिलं गीत मिरवणुकीचं होतं, पाच कडव्यांचं. आबांनी हात उचलले, ताईने पाय. पहिली ओळ एकत्र सुरू झाली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी आबांचे हात नेहमीसारखे जरा थबकले. ताईचे पाय थबकले नाहीत.

आता डॉक्टरचं दुर्दैव असं की खर्जाचे सूर आणि पायांचे सूर एकच असतात. तो आणि बाकीचे दोघे खर्जवाले पायांमागून निघाले. वहिनी आणि वरच्या पट्टीतल्या बायकांचे सूर आबांच्या उजव्या हातात असतात, त्या हातांबरोबर मागे राहिल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत क्वायरमध्ये दोन पक्ष पडले होते. वहिनीने गाता गाताच नवऱ्याकडे असं बघितलं की तो एक सूर गिळून मागे आला, तेव्हा बहिणीने आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा पुढे पळाला. खर्जवाले पाचही कडवी संपवून "आमेन" म्हणून खाली बसले तेव्हा बायका चौथ्या कडव्यात अजून देवाला डोंगरांवरून बोलावत होत्या.

आत्या मधल्या पट्टीत गात होत्या. त्या कुठल्याच पक्षात नव्हत्या. प्रत्येक ओळीला आबांच्या हातांची वाट बघून, मग शांतपणे सुरू करत होत्या.

पाळकसाहेबांच्या हातात घड्याळ होतं.

"हातांनी सात मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले. "पायांनी पाच मिनिटं दहा."

डॉक्टरने दोन्ही आकड्यांना मान डोलवली.

"हे बघा, मला वाईट वाटतंय," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण बिशपसाहेबांना दुपारी दुसऱ्या चर्चला पोचायचंय. पाच गीतं आहेत. गेल्या रविवारी लहान मुलं शेवटच्या गीतात झोपली. मंडळी कुरकुर करतात. म्हणून मी एक स्पीकर आणून ठेवलाय. रेकॉर्डवर सगळी गीतं आहेत, ताल पक्का. उद्या ऐनवेळी गडबड झाली तर तो लावू. आणि असं वाटतं की पुढच्या महिन्यापासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांनी आता विश्रांती घ्यावी. समोर बसून आशीर्वाद द्यावेत."

पंच्याहत्तरीच्या पुढचे दोघेच होते. आत्यांनी वहीचं पान उलटलं. आबा आरसा पुसू लागले, जो स्वच्छ होता.

*

बाकीचे चहाला गेले तरी ताई बाकावरून उठली नाही. उठायला आबांच्या मांडीखालून पाय ओढून काढावे लागले असते.

"बोल," आबा म्हणाले. "बोलून घे एकदा. किल्ली द्या म्हण."

ताई बोलायला आली होतीच. वाक्यं तिने बसमध्ये तयार केली होती. पण तिने आत्ता इतक्या जवळून ते हात बघितले होते. त्या हातांत कंप नव्हता, घोटाळा नव्हता. ओळीच्या तोंडाशी ते थांबत होते, पण चाचपडत नव्हते. आगगाडीला गार्डाने शिट्टीसाठी थांबवावं तसे मुद्दाम थांबत होते.

"तुम्ही जाणूनबुजून थांबता," ती म्हणाली.

आबांनी मान वळवून मागे बघितलं. कुणी नव्हतं.

"हळू बोल. अक्कासाठी थांबतो."

"आत्यासाठी?"

"ती उशिरा येते. अर्धा ठोका. तुझी आई गेली, त्यानंतरचा पहिला रविवार. मी वाजवतोय आणि अक्का ओळीला मागून आली. अक्का! जिने मला ताल शिकवला, पाटीवर पट्टी मारून. मी म्हटलं, संपलं, हिचं वय झालं. पुढच्या ओळीला थांबलो तिच्यासाठी. मग थांबतच गेलो. ती एकटी उघडी पडली असती ना सगळ्यांत. आता मी थांबतो म्हटल्यावर सगळा क्वायरच थांबतो. कुणाला काही कळत नाही. म्हणतात, म्हाताऱ्याचे हात जड झाले. म्हणू देत."

ताईला नऊ वर्षांपूर्वीचं आपलं वाक्य आठवलं, आणि त्यावर हसलेली माणसंही.

"मग मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं कुठे? तू किल्ली द्यायला सांगितलंस."

तिला हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नुसती शिंक आल्यासारखा आवाज निघाला.

"तिला कळता कामा नये," आबा म्हणाले. "आणि आता जरा पाय काढ. माझ्या चांगल्या पायाला मुंग्या आल्यात."

*

त्याच वेळी मागच्या खोलीत वहिनी आत्यांच्या झग्याची खालची दुमड घालत होती. आत्या दर वर्षी थोड्या बुटक्या होत आणि झगा तेवढाच राहत असे. तोंडात टाचण्या असल्यामुळे वहिनीला मधे बोलता येत नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा आत्या एवढं बोलल्या.

"त्या पोरीचे पाय बरोबर आहेत," आत्या म्हणाल्या. "ताल तोच आहे. खरा. तुला पटणार नाही, पण आहे."

वहिनीने टाचणी जरा जोरात खुपसली. कापडालाच.

"मग मी हळू का गाते, असं विचारशील. तुझ्या सासऱ्यासाठी. तुझी सासू गेली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याचे हात लटपटत होते. मी आयुष्यभर हात बघितलेत, सलाइन लावताना, टाके घालताना. मला कळतं. ओळ सुरू करायची आणि त्याचे हात उठेनात. म्हटलं, मी वेळेवर गायले तर सगळ्यांना कळेल हा मागे पडलाय. म्हणून मी थांबले. तो आला की मग मी आले. तेव्हापासून थांबतेच आहे. दर वर्षी जरा जास्त थांबावं लागतं. बिचारा फार मंदावलाय. पण त्याला बोलायचं नाही हं. आयुष्यात एकच गोष्ट धड येते त्याला. दुकानातली घड्याळं तर तुला माहीतच आहेत."

वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. आबांची बाजू घ्यायची म्हणून ती गेली नऊ वर्षं सावकाश गात आली होती. श्वास पुरेना म्हणून तिने सकाळी पळायला जायला सुरुवात केली होती.

"नाही बोलणार," ती म्हणाली.

*

चहाचे कप धुवायच्या नळापाशी दोघी समोरासमोर आल्या. नळ एकच होता.

"तुम्ही आधी धुवा, ताई," वहिनी म्हणाली. "तुम्हाला घाई असते सगळ्याची."

ताईने हे ऐकून घेतलं. मग नळ बंद केला.

"वहिनी, तुझी मदत हवीय. आबा मुद्दाम हळू वाजवतात. आत्याचा ताल गेलाय म्हणून ते तिच्यासाठी थांबतात. तिला सांगायचं नाहीये. पण उद्या काहीतरी करायला हवं, नाहीतर दोघंही पुढच्या महिन्यापासून बाकावर."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

"काय म्हणालात? कोण कोणासाठी थांबतं?"

"आबा. आत्यासाठी."

"अहो, आत्या आबांसाठी थांबतात! आत्ताच मला सांगितलं. आबांचे हात गेलेत म्हणून. सासूबाई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून."

"त्याच रविवारपासून?"

मग दोघींना उलगडा झाला. बायको गेल्याच्या आठवड्यात एका माणसाचे हात एका ओळीपुरते उठले नव्हते. त्याला सांभाळायला बहीण अर्धा ठोका थांबली. ती थांबली म्हणून तो घाबरला आणि थांबला. तो थांबला म्हणून ती आणखी थांबली. दहा वर्षं दोघं एकमेकांना "आधी तू, आधी तू" करत होते आणि त्या दोघांच्या मायेखाली सबंध मंडळी दर रविवारी उभ्या उभ्या पाय बदलत होती.

आधी वहिनी हसली. मग ताई. हसता हसता ताईला नळाच्या कडेला धरावं लागलं.

"अगं, यांनी मला सांगितलं होतं," वहिनी डोळे पुसत म्हणाली, आणि 'अगं' म्हणून गेल्याचं तिच्या उशिरा लक्षात आलं, "तुम्ही म्हणाला होतात की मी वरचा सूर चिमटीत धरल्यासारखा गाते."

"म्हणाले होते. तेव्हा गायचीस. आता नाही. शेवटच्या बाकावरून स्वच्छ ऐकू येतं." ताईने जरा थांबून विचारलं, "आणि तू म्हणाली होतीस की मी शाळेतल्या पोरांसारखं सगळ्यांना ताल मोजायला लावते."

"तेही यांनीच सांगितलं?"

"आणखी कोण?"

दारात डॉक्टर बिस्किटाचं ताट घेऊन उभा होता. "काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या. नऊ वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

दोघा म्हाताऱ्यांना खरं सांगायचं नाही, हेही लगेच ठरलं. आपण समोरच्याला उगाच थकलेला समजत होतो हे कळलं तरी चालेल, पण समोरचा आपल्याला थकलेला समजत होता हे दोघांनाही सोसलं नसतं. म्हणून ताईने आबांना एवढंच सांगितलं, "उद्या आत्याच्या शेजारी वहिनी उभी राहील, तिला कोपराने खूण करील. तुम्ही थांबू नका." आणि वहिनी आत्यांना म्हणाली, "उद्या आबांना ताई बाजूला बसून सांभाळतेय. तुम्ही थांबू नका." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आबा म्हणाले, "बरं झालं. बिचारीला आधार होईल."

आत्या म्हणाल्या, "देव पावला. बिचाऱ्याला कोणीतरी हवंच होतं."

*

रविवारी सकाळी चर्च भरलं होतं. बिशपसाहेब मोठ्या दाराशी हातात उंच काठी घेऊन उभे होते. माणूस अंगाने भारदस्त, चालायला संथ. दारापासून वेदीपर्यंत पाच कडव्यांत पोचायचं, हा अंदाज त्यांना तीस वर्षांच्या सरावाने होता. स्पीकर खांबाआड तयार होता आणि पाळकसाहेबांचा अंगठा बटणावर.

आबांनी हात उचलले.

ताईला पहिल्या ओळीतच कळलं की आपण काहीतरी सोडलंय जे आता धरता येणार नाही. दहा वर्षं लगाम खेचून धरलेला तो माणूस "थांबू नका" हे शब्द ऐकून सुटला होता. ओळीचं तोंड आलं, हात थबकले नाहीत. आत्या थबकल्या नाहीत. उलट वहिनीने खुणेसाठी कोपर उचलायच्या आत आत्या पुढच्या ओळीत शिरल्या होत्या, मेट्रन वॉर्डात शिरावी तशा. आबांनी आरशात बघितलं. अक्का वेळेवर! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी जोर लावला. आत्यांना वाटलं, पोरीने याच्यावर काय जादू केली, आणि आपण मागे पडू नये म्हणून त्यांनीही लावला.

"आबा, हळू!" ताई कुजबुजली. तिचे पाय पट्ट्यांवर उड्या मारत होते. उजवी चप्पल निसटली होती.

"तूच म्हणालीस थांबू नका!"

"थांबू नका म्हणजे पळा नव्हे!"

"पाय चालव!"

वहिनीची सकाळची धाव त्या दिवशी कामी आली. बाकीच्या बायका तिच्यामागे जमेल तशा येत होत्या. डॉक्टर खर्जात तोंडाची नुसती उघडझाप करत होता. बाकावरची मंडळी आधी चमकली, मग जागी झाली, मग कित्येक वर्षांत पहिल्यांदाच पोट भरून गायला लागली. आणि मधल्या वाटेवर बिशपसाहेब आधी चालत होते, मग भराभर चालत होते, मग झगा एका हाताने उचलून, काठी भाल्यासारखी धरून जवळजवळ धावत होते. पाचवं कडवं संपलं, आमेन झालं, आणि ते अजून अर्ध्या वाटेवरच होते. उरलेली वाट त्यांनी संपूर्ण शांततेत, बुटांच्या करकरीवर पार केली.

पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं. चार मिनिटं पाच सेकंद. त्यांचा अंगठा बटणावरून आपोआप निघाला होता.

दुसऱ्या गीतापर्यंत सगळ्यांचा श्वास जागेवर आला. तिसरं सावकाश होतं, मृतांसाठीचं. सावकाश म्हणजे थांबून नव्हे. आबांनी ते जसं लिहिलंय तसं वाजवलं. ताईचे पाय त्यांच्या हातांखाली बरोबर पडत होते. चप्पल नसलेल्या पायाला पट्टीचं गुळगुळीत लाकूड लागत होतं, आणि तिला बापाची बरगडी प्रत्येक ओळीआधी श्वास घेताना आपल्या दंडाला जाणवत होती. ती मोजायचं विसरून गेली. शेवटच्या कडव्यात वहिनीचा एकटीचा वरचा सूर होता. तो सरळ गेला, न चिमटता, आणि त्याच्या खाली आत्यांचा जुना, किंचित चिरलेला आवाज अगदी ठोक्यावर होता. ताईने आरशात बघितलं. वहिनी तिच्याकडेच बघत होती.

*

उपासना चौदा मिनिटं लवकर संपली. बिशपसाहेबांनी आशीर्वाद दिल्यावर सांगितलं की वेदीपर्यंत इतक्या लवकर आपण तरुणपणीही पोचलो नव्हतो, आणि लोक मोकळेपणी हसले.

आता माणसं बाहेर पडेपर्यंत नुसता ऑर्गन वाजायचा होता. आबांनी हात उचलले आणि पुन्हा मांडीवर ठेवले.

"हे तू वाजव," ते म्हणाले. "एकटी. हात आणि पाय एकाच माणसाचे असलेले बरे."

ताईने बापाला कुबड्या दिल्या आणि बाकाच्या मधे सरकली.

आबा दोन पायऱ्या उतरून पहिल्या बाकावर जाऊन बसले. शेजारी येऊन आत्या बसल्या. मधल्या वाटेने लोक हसत बोलत बाहेर चालले होते. पाळकसाहेब खांबाआडून एक खोकं उचलून कुणाला न दिसेल असं नेत होते.

"आज वेळेवर आलीस, अक्का," आबा म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"मी? मी कायमच वेळेवर असते. आज तू आलास."

"मी तुझ्यासाठी थांबत होतो. दहा वर्षं."

आत्यांनी चष्मा काढला. भावाकडे नीट बघितलं, पेशंटकडे बघावं तसं.

"मेल्या," त्या म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी थांबत होते. तुझी बायको गेली त्या आठवड्यात तुझे हात उठत नव्हते."

आबांनी कुबड्या बाकाला टेकवल्या.

"एकच ओळ," ते म्हणाले. "त्या एका ओळीला उठले नव्हते. ती तिच्या आवडीची ओळ होती."

"मला काय माहीत? सांगायचंस."

"तू विचारायचंस."

आत्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि हात त्याच्या हातावर ठेवला, नाडी बघायला ठेवावा तसा. तिकडे ताईने नळ्या मोकळ्या करणाऱ्या खुंट्यांची सगळी रांग ओढली आणि ऑर्गन पूर्ण आवाजात उघडला. आबा दचकले. त्रेचाळीस वर्षं ते त्या नळ्यांच्या कुशीत पाठ करून बसले होते; तिथे सगळा आवाज डोक्यावरून निघून जातो. इथे, समोर, तो छातीवर येत होता. बाक थरथरत होता. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं की हे एवढं मोठं आहे.

"पोरगी चांगली वाजवते," आत्या म्हणाल्या.

"गप. ऐकू दे."

त्यांनी ऐकलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. मान एका बाजूला झाली.

"अक्का, ती डावीकडची एक नळी बेसूर आहे."

"आहे."

"म्हणजे? कधीपासून?"

"वीसेक वर्षं झाली असतील."

"वीस वर्षं? आणि एवढ्या सगळ्या लोकांना ऐकू येत होतं? कुणी एक शब्द बोललं नाही मला?"

"बोलणार कसं?" आत्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडाकडे बघून कुणाला धीर होत नव्हता. इतका खुशीत असायचास वाजवून उठताना."

आबांनी वळून दाराकडे जाणाऱ्या त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. बेकरीवाला, पोस्टातल्या बाई, शेजारच्या जुळ्या म्हाताऱ्या. कुणी कुणी हात हलवला. त्यांनीही हलवला. मग ते पुन्हा ऑर्गनकडे वळले आणि लेकीचं वाजवणं शेवटच्या सुरापर्यंत, त्या बेसूर नळीसकट, ऐकत बसले.